लंबकाच्या खोड्या

दोऱ्याला गोळा बांधून वीस आंदोलनं मोजण्याचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. दोऱ्याची लांबी चौपट केली तर आंदोलनाला दुप्पट वेळ लागतो, गुरुत्वाची ओढ वाढली तर वेळ कमी होतो, आणि गोळ्याच्या वजनाने काहीच फरक पडत नाही. लांबी 99.4 सेंटिमीटरच्या आसपास ठेवली की गोळा या टोकाहून त्या टोकाला एका सेकंदात जातो. एवढ्या सरळ वस्तूने घड्याळजींची झोप उडवावी आणि त्यातून भूगोल बदलावा, हे मला लंबकाच्या अचूकतेपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

पहिली खोडी झोक्यातच आहे. मध्यापासून जितकं दूर जावं तितकी मागे खेचणारी ओढ त्याच प्रमाणात वाढत गेली, तर छोटा झोका आणि मोठा झोका सारखाच वेळ घेतात. हीच सरल आवर्त गती. झोका लहान असेपर्यंतच लंबक हा नियम पाळतो. पुढे ओढ थोडी कमी पडते. गॅलिलिओ मात्र सगळे झोके समान काळाचे मानत होता. प्रत्यक्षात मध्यापासून फक्त 5 अंश झुलणारा लंबकही अगदी बारीक झोक्याच्या मानाने दिवसाला सुमारे 41 सेकंद मागे पडतो. हॉयगेन्सने 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ केलं, आणि 1673 च्या ग्रंथात सिद्ध केलं की गोळा वर्तुळाऐवजी चक्रज नावाच्या वक्रावरून फिरवला तर ही चूक उरत नाही. गणित देखणं खरं, पण घड्याळजींनी झोकाच लहान केला आणि प्रश्न मिटवला.

दुसरी खोडी मोठी निघाली. 1672 मध्ये फ्रेंच खगोलज्ञ रिशे दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसला लावलेलं घड्याळ तिथे रोज दोन मिनिटांहून अधिक मागे पडू लागलं, आणि सेकंद लंबक जवळजवळ 3 मिलिमीटर आखूड करावा लागला. उन्हाने लंबकाची सळई लांबली असेल, ही शंका रास्त होती. पण लोखंडी लंबक एका अंशाला दिवसाकाठी जेमतेम अर्धा सेकंद चुकतो. त्या हिशेबाने कायेन पॅरिसपेक्षा दोनशे अंशांहून जास्त तापलेलं असायला हवं! म्हणजे तिथे गुरुत्वच कमी होतं. न्यूटनने 1687 मध्ये हे निरीक्षण वापरलं ते फिरणारी पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, या आपल्या मांडणीसाठी.

आपल्याकडे लंबकाने गुरुत्व तपासायचं काम कॅप्टन बसेवीच्या वाट्याला आलं. सर्वेक्षण खात्यासाठी 1865 पासून तो रॉयल सोसायटीचे लंबक घेऊन देशभर गुरुत्व मोजत हिंडला. शेवटी लडाखच्या मोरे पठारावर, 15 हजार फुटांहून उंच, त्याने लंबक झुलवला. आजूबाजूच्या एवढ्या दगडाने ओढ वाढायला हवी होती. ती अपेक्षेहून बरीच कमी भरली. डोंगराखालचा खडक हलका आहे, हा प्रॅट आणि एअरी या अभ्यासकांचा 1850 च्या दशकातला तर्क त्यामुळे बळावला. बसेवी त्याच मोहिमेत, 1871 च्या जुलैत, लडाखमध्येच वारला. पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव नसावं याची चुटपूट लागते.

फुकोने 1851 मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटरचा लंबक टांगून पृथ्वीचं फिरणं दाखवलं, ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तसा लंबक पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतही आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झुलण्याच्या दिशेला पूर्ण फेरी करायला सुमारे 75 तास लागतात.

1921 मध्ये शॉर्ट या रेल्वे अभियंत्याने लंबक निर्वात नळीत ठेवला. सळईला वापरली ती उष्णतेने फारशी न वाढणारी इन्व्हार ही मिश्रधातू. वर्षाला सेकंदभराच्या आत चुकणारं हे घड्याळ वेधशाळांनी उचललं. 1984 मध्ये बुशेरॉनने अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेतलं असंच एक घड्याळ अणुघड्याळाशी ताडून पाहिलं, तेव्हा त्याच्या उरल्यासुरल्या चुकांमध्येही सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीची भरती-ओहोटी सापडली.