साथीच्या काळात शाळा : हिशेब वर्गातल्या हवेचा

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने भरू लागले, तोच दुसरी लाट आली. जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीला परवानगी मिळाली. ग्रामीण भागातल्या पाचवीपासून पुढच्या वर्गांना ४ ऑक्टोबर २०२१ ची, तर पहिली ते चौथीला १ डिसेंबर २०२१ ची वाट पाहावी लागली. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात बसले ते दुसरीत, तेही निम्मे वर्ष सरल्यावर.

जालना जिल्ह्यात या तारखांना आणखी एक अर्थ आहे. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा घरच्या मुलांसाठी डिसेंबरात वाजलेली घंटा उशिराचीच होती.

साथी पुन्हा येतील. तेव्हा शाळा उघडायची की नाही, एवढ्याच प्रश्नापाशी थांबून चालणार नाही. कोणत्या अटींवर उघडायची, हे गावालाच ठरवता आले पाहिजे. त्यासाठी अटींमागचे विज्ञान समजून घेऊ.

गावाचा हिशेब

जुलै २०२१ च्या नियमांत मुख्य अट अशी होती, की गावात महिनाभर एकही रुग्ण आढळलेला नसावा. ही अट का? समजा, गावात हजारात एक माणूस संसर्ग पसरवू शकतो आहे. मग चाळीस मुलांच्या वर्गात असे निदान एक मूल असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. हेच प्रमाण शंभरात एक झाले तर? एक मूल निरोगी असण्याची संभाव्यता ०.९९, चाळीसही निरोगी असण्याची ०.९९ चा चाळिसावा घात, म्हणजे सुमारे ०.६७. म्हणून वर्गात निदान एक बाधित मूल असण्याची शक्यता ३३ टक्के झाली. नववी-दहावीच्या गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे.

यावरून दोन गोष्टी कळतात. शाळेची पहिली संरक्षक भिंत शाळेबाहेर, गावात असते. आणि निर्णयाचे एकक जिल्हा न मानता गाव मानणे शहाणपणाचे होते. जालना शहरात रुग्ण वाढले म्हणून भोकरदन तालुक्यातल्या आडगावची शाळा बंद ठेवण्याचे कारण नव्हते. मात्र शिक्षक रोज शहरातून ये-जा करत असतील, तर गावाची वेस नावापुरतीच उरते. म्हणूनच शिक्षकांनी शक्यतो त्याच गावात राहावे किंवा सार्वजनिक वाहन टाळावे, असेही नियमांत होते.

जोड्यांचा हिशेब

दुसरी अट होती एका वर्गात १५ ते २० मुलांची. चाळीस मुलांत दोघादोघांच्या जोड्या किती होतात? ४० × ३९ ÷ २ = ७८०. वीस मुलांत फक्त १९०. शाळा सहा तासांऐवजी तीन-तीन तासांच्या दोन सत्रांत भरवली, तर ७८० × ६ = ४,६८० 'जोडी-तासां'ऐवजी १९० × ३ × २ = १,१४० होतात. संपर्क जवळजवळ चौथाईवर आला.

पण याची किंमत मोठी आहे. प्रत्येक मुलाचे शिकणे निम्म्यावर येते आणि शिक्षकाला तोच धडा दोनदा शिकवावा लागतो. असर या देशव्यापी पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. म्हणून शिकण्याचा एक मिनिटही न घेणारा उपाय आधी शोधायला हवा.

हवेचा हिशेब

२८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नसल्याचे जाहीर केले होते. खोकल्या-शिंकेतले मोठे थेंब काही फुटांवर खाली पडतात, या कल्पनेवर सहा फुटांचे अंतर आणि पृष्ठभाग पुसणे आधारलेले होते. एप्रिल २०२१ मध्ये संघटनेने हवेतला प्रसार मान्य केला. बोलताना, नुसता श्वास सोडतानाही निघणारे अतिसूक्ष्म तुषार बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, अगदी उदबत्तीच्या धुरासारखे.

आता २५ फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच वर्ग घ्या. त्यात सुमारे १,४०,००० लिटर हवा मावते. बसलेले मूल तासाला साधारण ४०० लिटर हवा उच्छ्वासावाटे सोडते. चाळीस मुले आणि शिक्षक मिळून १६,४०० लिटर. दारे-खिडक्या बंद असतील तर तासाभरात खोलीतल्या हवेचा सुमारे नववा हिस्सा कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो! तासाला सहा वेळा हवा बदलली, तर हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत राहते.

हे मोजताही येते. बाहेरच्या हवेत दहा हजार भागांत सुमारे ४ भाग कार्बन डायऑक्साइड असतो, उच्छ्वासात सुमारे ४००. वर्गातल्या हवेत १२ भाग आढळले, तर जादाचे ८ हे ४०० च्या २ टक्के. म्हणजे आपण घेत असलेल्या दर पन्नास श्वासांतला एक दुसऱ्याचा 'उष्टा' आहे.

संघटनेने मार्च २०२१ मध्ये दरमाणशी, दर सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा सुचवली. आपल्या वर्गात तासाला सहा वेळा हवा बदलली, तरी ४१ जणांना सहा लिटरही मिळत नाही. वीस मुले असतील तर अकरा मिळते. म्हणजे हवा कमी पडते तिथे पट विभागावा, किंवा पट तोच ठेवून वर्ग झाडाखाली न्यावा. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे १९०४ मध्ये नाजूक प्रकृतीच्या मुलांसाठी अशीच उघड्यावरची शाळा सुरू झाली होती.

करून पाहा

रिकाम्या वर्गात दारे-खिडक्या लावून एक उदबत्ती पाच मिनिटे जाळा, विझवा आणि वास किती वेळाने जातो ते घड्याळावर पाहा. मग एकाच बाजूच्या खिडक्या उघडून, नंतर समोरासमोरच्या उघडून हाच प्रयोग करा. आरपार वाऱ्याचा फरक मुलांना सांगावा लागणार नाही. छताचा पंखा लावूनही पाहा : खिडक्या बंद असताना तो वास फक्त खोलीभर पसरवतो, बाहेर घालवत नाही. खिडकीला टेकवलेले कपाट किंवा तांदळाची पोती असतील तर ती हलवायला हवीत, हे मुलेच सुचवतील.

खिडकी सर्व काही करत नाही. शेजारच्याचा श्वास थेट तोंडावर येतो, तिथे मुखपट्टी आणि अंतरच उपयोगी पडते. ताप-खोकला असलेल्या मुलाने घरी राहणे आणि शिक्षकांनी लस घेणे यांनाही पर्याय नाही.

जून-जुलै २०२१ मध्ये, शाळा जवळपास सर्वत्र बंद असताना, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग घरी-गल्लीत होऊन गेला होता. कुलूप लावलेल्या शाळेने त्यांना विषाणूपासून वाचवले नाही. अक्षरांपासून मात्र दूर ठेवले. पुढच्या साथीआधी प्रत्येक शाळेने आपल्या वर्गाचा पट, खिडक्या आणि जवळचे सावलीचे झाड यांची नोंद करून ठेवली, तर ग्रामसभेपुढे मांडायला नुसत्या भीतीऐवजी एक हिशेब हाती असेल.