चूक माणसाची की डबीची?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे काही वैमानिक, विमान सुखरूप उतरवल्यावर, पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत. विमान पोटावर आपटे. वैमानिक बेफिकीर नव्हते. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाला आढळले, की दोन्ही खटके शेजारी होते आणि हाताला सारखेच लागत. उपाय साधा निघाला : एका खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ, दुसऱ्याला पाचरीच्या.

वाचकहो, हे आठवले ते माझ्या एका वृद्ध रुग्णामुळे. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. आजींनी ते सलग पाच दिवस घेतले. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही तशीच लहान, पिवळी. तोंडात फोड आले, पांढऱ्या पेशी घसरल्या. रुग्णालयात राहून त्या बचावल्या. “आईंचं लक्षच नसतं,” सूनबाई म्हणाल्या. मी चिठ्ठी पाहिली. ती माझीच होती आणि तीत वार लिहिलेला नव्हता.

आपल्या घरी हे औषध असल्यास चिठ्ठीवर वार अक्षरात लिहून घ्या. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. गोळ्या रोजच्या औषधांत ठेवू नका. वेगळी डबी घ्या, तिच्यावर ठळक वार लिहा आणि चार आठवड्यांहून अधिक साठा करू नका. वडीलधाऱ्यांवर रागावूही नका, नाहीतर पुढची चूक ते सांगणार नाहीत. जादा गोळी गेल्याचे कळताच, त्रास होत नसला तरी, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.