हीलर काय झोपला होता का?

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठी सांभाळून घ्या!

होस्टेलवर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळताना सगळ्यांना तलवार हवी असते. उरलेला हीलर मी! २००४ साली आलेल्या या गेममध्ये २००७ पासून अरीना आहे. दोघांविरुद्ध दोघं किंवा तिघांविरुद्ध तिघं, समोर खरी माणसं. अन् माणूस हुशार असतो, तो आधी हीलरलाच गाठतो.

मग टिकायचं कसं? एक, खांबाआड राहायचं. शत्रूला तुम्ही दिसला नाहीत तर त्याचा मंत्र तुम्हाला लागत नाही. पण आपला गडी मात्र नजरेत हवा. दोन, हूल द्यायची. मंत्र पुरा व्हायला वेळ लागतो. मध्येच शत्रूने 'किक' मारली की त्या जातीचे मंत्र काही सेकंद बंद. म्हणून मंत्र सुरू करून आपणच थांबायचं. त्याची किक वाया गेली की खरा मंत्र. आपली कबड्डीच की! तीन, फार रेंगाळायचं नाही. लढाई लांबली की हीलिंगचा जोर कमी होत जातो.

दिवाळीत लोहाऱ्याला घरून खेळत होतो. शत्रू मरायला टेकलेला, मला मोह झाला, वार करायला धावलो. मागे माझा रूममेट मेला. मॅच गेली. तो काहीच बोलला नाही, तेच जास्त लागलं.

आज्जीने विचारलं, "किती मारलास रे?"

"मारायचं नसतं आज्जी, वाचवायचं असतं."

"मग वाचवलास का?"

काय सांगणार?

तेव्हा दोस्तहो, हरल्यावर हीलरला शिव्या घालण्याआधी एकदा स्वतः हीलर होऊन बघा!