जमिनीखालची गळती आणि विहिरीचे पाणी

उत्तर चेन्नईतील तोंडियारपेट भागात जुलै २०१३ मध्ये कूपनलिकांच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. काही ठिकाणी तर पाण्याबरोबर तेलच वर आले. बंदराकडून साठवण केंद्राकडे जाणाऱ्या भूमिगत तेलवाहिनीची ती गळती होती. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या दक्षिण पीठापुढे गेले आणि माती व भूजल स्वच्छ करण्याचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. तेथे गळली ती वाहिनी. पेट्रोल पंपाची भूमिगत टाकी किंवा शेतावर पुरलेली डिझेलची टाकी गळली असती, तरी मातीत घडणारी क्रिया तीच राहिली असती.

गळती बंद झाल्यावरही प्रदूषण चालू राहते, याचे कारण भूजलाच्या चढउतारात आहे. इंधन पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाने भूजल वर येते आणि उन्हाळ्यात खाली जाते. तरंगणारा थरही त्याबरोबर वरखाली होतो व मधली माती माखून टाकतो. हा माखलेला पट्टा मग दर पावसाळ्यात थोडे थोडे बेंझिन पाण्यात सोडत राहतो.

भारत स्टेज-६ पेट्रोलमध्ये आकारमानाने कमाल १ टक्का बेंझिन असू शकते. म्हणजे एका लिटरमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने एका लिटर पेट्रोलमधील बेंझिन सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवू शकते. बेंझिनचा वास मात्र या मर्यादेच्या कितीतरी पट अधिक प्रमाण झाल्यावरच नाकाला जाणवतो. तेव्हा वास येत नाही म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही.

महाराष्ट्रातील काळ्या चिकण जमिनीत इंधन वाळूतल्यापेक्षा सावकाश मुरते. परंतु उन्हाळी भेगांतून ते थेट मुरमापर्यंत उतरू शकते आणि पुढे खडकाच्या सांध्यांतून भलत्याच दिशेने जाते. केवळ उताराकडची विहीर तपासून भागत नाही, ते यामुळेच.

शोधाचा आरंभ टाकीच्या हिशेबापासून करावा. मापपट्टीने घेतलेला रोजचा साठा आणि वापराची नोंद यांत सतत तूट येत असेल, तर मातीकडे वळावे. येथे विस्तार कार्यकर्त्यांची नेहमीची सवय आड येते. सुपीकता चाचणीसाठी आपण अनेक ठिकाणची माती गोळा करतो, मिसळतो, सावलीत वाळवतो आणि चार भाग करून नमुना कमी करतो. इंधनाच्या तपासणीत यातील प्रत्येक पायरी घातक आहे, कारण मिसळताना व वाळवताना बाष्पशील घटक उडून जातात आणि अहवाल ‘स्वच्छ’ येतो. येथे गिरमिटाने ठराविक खोलीवरची अखंड माती घ्यावी, ती लगेच काचेच्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट बंद करावी आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवावी. दूरवरच्या निर्दोष जागेचा एक नमुना तुलनेसाठी हवाच. तो सर्वांत आधी घ्यावा, म्हणजे अवजारांना लागलेले तेल त्यात मिसळणार नाही.

रासायनिक अहवाल येईपर्यंत गांडुळे काही सांगू शकतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या टाळणी चाचणीत भांड्याच्या एका अर्ध्या भागात संशयित माती, दुसऱ्यात तशाच पोताची स्वच्छ माती भरतात आणि मधल्या रेषेवर १० गांडुळे सोडतात. ४८ तासांनी मोजणी होते. सर्व भांडी मिळून सरासरी ८० टक्क्यांहून अधिक गांडुळे स्वच्छ बाजूस आढळली, तर संशयित माती जीवांच्या वास्तव्यास अपुरी मानतात. गांडूळखतातील आयसेनिया फेटिडा ही जात त्यासाठी चालते. अर्थात भर उन्हाळ्यात शेतात गांडूळ न दिसणे हा पुरावा नव्हे; ते ओलाव्याच्या शोधात खोल गेलेले असते. शिवाय कीटकसृष्टीला अपवादांची हौस आहे: कॅलिफोर्नियातील एका माशीच्या अळ्या कच्च्या तेलाच्या डबक्यातच वाढतात आणि त्यात अडकून पडलेले कीटक खातात.

इंजिनाजवळ वरच्या थरात सांडलेले थोडे डिझेल जिवाणू पचवू शकतात. त्यासाठी हवा, ओलावा आणि नत्र लागते. तेल पचवताना जिवाणू मातीतील नत्रही वापरतात, म्हणून अशा जागी पीक पिवळे पडते. शेणकाला किंवा थोडा युरिया देऊन माती वेळोवेळी खालीवर केल्यास क्रिया वेगाने होते. भूजलापर्यंत पोहोचलेल्या इंधनाला हा उपाय लागू नाही. तेथे हवाच अपुरी असते.

विहिरीला इंधनाचा वास आल्यास ते पाणी पिण्यासाठी, जनावरांसाठी व फवारणीसाठी वापरू नये आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयास लेखी कळवावे. ठिणगीचा धोका असल्याने विहिरीवरच्या मोटारीचे बटण दाबू नये. वीजपुरवठा दूरच्या मुख्य खटक्यावरून तोडावा. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत अशा विहिरीवर मुळीच अवलंबू नये.