घर विकताना दलाली कशी वाचवायची? आधी हे बिल वाचायला शिका



आपल्या कार्यशाळेत एक दादा आले होते. पिंपरी-चिंचवडमधला वन बीएचके विकून त्यांना लाकडी घाण्याचा व्यवसाय टाकायचा होता. मशिनची किंमत, गाळ्याचं डिपॉझिट, पहिल्या तीन महिन्यांचा शेंगदाणा, सगळा हिशेब वहीत पक्का होता. फक्त एक ओळ लिहायची राहिली होती, दलालीची.

फ्लॅट विकायला त्यांनी तीन ब्रोकरना सांगितलं. दर विचारला, तर उत्तर आलं, "द्या हो दादा, समजून घेऊ." पुढे काय झालं? गिऱ्हाईकाने घर पहिल्यांदा पाहिलं एका ब्रोकरबरोबर आणि सौदा पक्का केला दुसऱ्याबरोबर. रजिस्ट्रेशनच्या दिवशी दोघंही हजर! वाद नको म्हणून दादांनी दोघांनाही पैसे दिले. त्यामुळे घाण्याचा पहिला माल उधारीवर उचलावा लागला.

म्हणून आजचा विषय. घर विकून भांडवल उभं करणार असाल, तर दलालीतला प्रत्येक रुपया तुमच्या धंद्याच्या गल्ल्यातून जाणार आहे. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे सविस्तर लिहितो.

दलाली म्हणजे सरकारी कर नाही

पुण्या-मुंबईकडे साधारण १ ते २ टक्के दलाली विकणाऱ्याकडून घेतात आणि तेवढीच घेणाऱ्याकडूनही. ही बाजाराची रीत आहे. कायद्याने हा दर ठरवून दिलेला नाही, रेरा कायद्यातही नाही. म्हणजे बोलणी करायला जागा आहे.

समजा तुमचा फ्लॅट ६० लाखांना जातोय. २ टक्क्यांनी दलाली झाली १,२०,००० रुपये. ब्रोकर जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी २१,६००. एकूण १,४१,६००. तेच १ टक्क्याने जीएसटीसह ७०,८०० होतात. एका वाक्याच्या बोलणीत ७०,८०० रुपयांचा फरक! म्हणून दर विचाराल तेव्हा पुढचा प्रश्न लगेच विचारा, "जीएसटी धरून का वेगळा?"

या पैशात नक्की कोणती कामं होतात?

कुठलंही बिल कमी करायचं असेल तर आधी ते फोडून बघायचं, हे आपण नेहमी शिकतो. ब्रोकरच्या बिलात पाच कामं असतात: भाव ठरवणं, गिऱ्हाईक आणणं, घर दाखवणं, घासाघीस करणं आणि कागदपत्रांपासून रजिस्ट्रेशनपर्यंत धावपळ करणं. यातलं जे तुम्हाला जमतं ते स्वतः करा. जे जमत नाही त्याचेच पैसे द्या.

१. भाव स्वतः काढा

पोर्टलवर दिसतात ते मागितलेले भाव असतात. सौदा झालेला भाव वेगळा. तो बघायला महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर टाकला, की तिथे नोंदलेल्या व्यवहारांची सूची दोन, म्हणजे आपण जिला इंडेक्स टू म्हणतो ती, दिसते. त्यात किंमत आणि क्षेत्रफळ असतं. तुमच्याच सोसायटीतले अलीकडचे दोन-तीन सौदे काढा. रेडी रेकनरचा दरही बघून ठेवा, पण तो मुद्रांक शुल्काच्या हिशेबासाठी असतो. त्याला बाजारभाव समजू नका.

हे काम टाळू नका. ६० लाखांचं घर अंदाजाने ५८ला दिलं, तर दलाली वाचवूनही तुम्ही दोन लाखांनी खाली आलात.

२. पहिले ४५ दिवस स्वतः विका

गिऱ्हाईक पुष्कळदा तुमच्याच जिन्यात असतं. शेजाऱ्याला मुलासाठी बाजूचा फ्लॅट हवा असतो. भाडेकरूला तेच घर विकत घ्यायचं असतं. म्हणून सुरुवात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून आणि नोटीस बोर्डापासून करा. मग नोब्रोकर, नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग यांच्यावर मालक म्हणून जाहिरात टाका. पैसे भरायचे प्लॅन नंतर बघू, आधी साधी जाहिरात नीट करा. दिवसाच्या उजेडातले फोटो, कार्पेट क्षेत्रफळ, मजला, पार्किंग, मेंटेनन्स आणि भाव, एवढं स्पष्ट लिहा.

जाहिरात टाकली की निम्मे फोन ब्रोकरचेच येतात, हे धरून चाला. चिडू नका. सरळ सांगा, "गिऱ्हाईक आणा, पण दलाली त्यांच्याकडून घ्या. माझ्याकडून मिळणार नाही." बरेच जण तयार होतात. मात्र एक लक्षात ठेवा, असा ब्रोकर गिऱ्हाईकाच्या बाजूचा असतो. त्याच्यासमोर "मला जरा घाई आहे" हे वाक्य चुकूनही बोलू नका.

३. ब्रोकर लावायचाच, तर बोलणी पहिल्या भेटीआधी

गिऱ्हाईक घर बघून गेल्यावर दर कमी करायला गेलात, तर तुमची बाजू कमजोर झालेली असते. आधीच बसा. मागणी करताना बदल्यात काहीतरी द्या, कारण ब्रोकरही आपल्यासारखाच छोटा उद्योजक आहे. त्याचं पेट्रोल आणि वेळ दहा घरांवर जातो, तेव्हा कुठे एक सौदा होतो. त्याला सांगा, "६० दिवस हे घर फक्त तुमच्याकडे. कागद तयार आहेत, चावी देतो. दर १ टक्का ठेवा." किंवा टक्केवारी बाजूला ठेवून ठरावीक रक्कम ठरवा.

एका सापळ्यापासून मात्र सांभाळा. "मालक, तुमच्या हातात किती पाहिजेत तेवढं सांगा, वरचं माझं." ऐकायला गोड वाटतं, दलाली शून्य! पण तुम्ही ५७ म्हणालात आणि तेच घर ६०ला गेलं, तर तुम्ही तीन लाख दलाली दिलीत. शिवाय वरचं मिळावं म्हणून ब्रोकर भाव ताणतो आणि चांगलं गिऱ्हाईक निघून जातं.

४. एक पान लिहून घ्या

दादांची चूक इथे झाली. स्टॅम्प पेपरवर सहीसकट लिहून घेतलंत तर उत्तम. निदान व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर पाठवून "मान्य" असं उत्तर तरी मागून घ्या:

"माझ्या फ्लॅटच्या विक्रीची दलाली करारातील किमतीच्या १ टक्का, जीएसटी धरून. पैसे रजिस्ट्रेशन झाल्यावर बँकेतून, बिल मिळाल्यावर. सौदा मोडल्यास दलाली नाही. मुदत ६० दिवस. तुम्ही आणलेल्या गिऱ्हाईकाचं नाव त्याच दिवशी मेसेजवर कळवायचं. आधी दुसऱ्यामार्फत किंवा थेट आलेल्या गिऱ्हाईकावर तुमची दलाली लागू नाही."

शेवटच्या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या. घरातही एक वही ठेवा: तारीख, बघायला आलेल्याचं नाव, कोणामार्फत आले. दोन ब्रोकर एकाच गिऱ्हाईकावर हक्क सांगायला लागले, की ही वहीच तुम्हाला वाचवते.

एजंट महारेरात नोंदलेला आहे का, हेही विचारा. रेरा नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकायला ही नोंदणी लागतेच. जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटसाठीही नोंदलेला माणूस बरा, कारण त्याचा नंबर महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

५. कागदांची फाइल आधी तयार ठेवा

आधीचे सगळे करारनामे आणि त्यांच्या सूची दोन, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती, वीजबिल, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, कर्ज असेल तर बँकेचं बाकी रकमेचं पत्र. फाइल तयार असली की गिऱ्हाईकाचं गृहकर्ज लवकर होतं आणि "कागदांचं बघतो, पण थोडे वाढवून द्या" हे ऐकावं लागत नाही. करारनाम्यासाठी वकील करा, फी आधी ठरवा. इथे काटकसर नको. टोकन आणि पुढची रक्कम बँकेतूनच घ्या. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड लागू शकतो.

६. दिलेल्या दलालीचं बिल घ्या

भांडवली नफ्याचा कर काढताना विक्रीसाठी दिलेली दलाली विक्रीच्या किमतीतून वजा होते. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल आणि कर १२.५ टक्क्यांनी लागत असेल, तर ६०,००० दलालीवर साधारण ७,५०० रुपये कर वाचतो. दुसऱ्या घरात पैसे गुंतवणाऱ्याला करात सूट मिळते, पण तुम्ही पैसे धंद्यात घालणार, म्हणजे ती सूट नाही. आपल्यासाठी हे बिल म्हणूनच जास्त मोलाचं. सौद्याआधी सीएला एकदा भेटा.

कधी दलाली द्यावी?

तुम्ही दुसऱ्या गावी असाल, चार वारसांच्या सह्या गोळा करायच्या असतील, किंवा घर बंद ठेवून हप्ता आणि मेंटेनन्स भरावा लागत असेल, तर चांगला ब्रोकर महाग पडत नाही. हिशेब साधा आहे. घर पडून राहिलं तर दर महिन्याला किती जातात ते मांडा. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून महिना २५,००० जात असतील, तर दलालीचे ६०,००० वाचवायला तीन महिने थांबणं तोट्याचं.

दादांचा घाणा आज चालू आहे, बरं का. पण ते स्वतःच सांगतात, "सर, पहिलं वर्ष उधारी फेडण्यात गेलं."

आजचा गृहपाठ: वहीत तीन आकडे लिहा. तुमच्या सोसायटीतल्या शेवटच्या सौद्याचा भाव, १ आणि २ टक्के दलालीची जीएसटीसह रक्कम, आणि घर एक महिना पडून राहण्याचा खर्च. हे तीन आकडे हातात असले, की ब्रोकरसमोर बसताना तुम्ही तयारीने बसाल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशेबाने करा!