ऋतुचक्राचा सूत्रधार

भिंतीवरील दिनदर्शिकेंत खूण केलेला दिवस टळून गेला, कीं घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया गर्भाशयाला बोल लावून मोकळ्या होतात. वास्तविक गर्भाशय हा या नाट्याचा केवळ रंगमंच होय. सूत्रधार तेथून बराच दूर असतो.

रंगमंचावरील देखावा बदलण्याचें काम अंडाशयांतून रक्तांत मिसळणारीं दोन द्रव्यें करितात. पहिलें इस्ट्रोजेन, त्याच्या योगानें गर्भाशयाचें अस्तर जाड होतें. दुसरें प्रोजेस्टेरोन, बीज बाहेर पडल्यावर मागें उरलेल्या पीतपिंडांत तें मुख्यतः तयार होतें आणि अस्तराला गर्भधारणेस योग्य बनवितें. या पीतपिंडाचा अर्क गर्भ टिकवितो, हें अमेरिकेंतील कॉर्नर आणि ॲलन यांनीं १९२९ सालीं सशांवरील प्रयोगांनीं दाखविलें. गर्भ न राहिल्यास पीतपिंड सुमारें चौदा दिवसांत सुकतो, द्रव्यांचा पुरवठा आटतो आणि अस्तर रक्तासह गळून पडतें. विटाळ मानून ज्याला शतकानुशतकें दूर लोटलें, तें न आलेल्या पाहुण्यासाठीं घातलेलें अंथरूण होय!

अंडाशयावर हुकमत चालते ती मेंदूच्या तळाशीं असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीची. येथें एक मौज आहे. एरवीं इस्ट्रोजेन या ग्रंथीला आवरून धरतें. पण पक्व होत आलेल्या बीजपुटकांतून तें सुमारें दोन दिवस भरपूर येत राहिलें, कीं तेंच लगाम सोडून टाच मारतें. ग्रंथींतून संप्रेरकाचा लोंढा उसळतो व साधारण दीड दिवसांत बीज सुटतें. म्हणजे बीज पिकल्याची वर्दी खालून वर जाते. तिथि वरून ठरत नाहीं.

तथापि पीयूषिकेलाही वरिष्ठ आहेच. मेंदूंतील हायपोथॅलॅमस हा आपला आदेश सलग धाडीत नाहीं. चक्राच्या पूर्वार्धांत साधारण तास-दीड तासानें तो थोडा थोडा सोडतो. पिट्सबर्ग येथील अर्न्स्ट नॉबिल व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या माकडिणींचा हा भाग निकामी केला होता, त्यांना तेंच द्रव्य तासातासानें दिलें तेव्हां ग्रंथी कामाला लागली. अखंड दिलें तेव्हां ती मुकी झाली.

उपासमार, अतिश्रम किंवा दीर्घ चिंता यांनीं हे ठोके मंदावतात आणि गर्भाशय व अंडाशय धडधाकट असूनही पाळी थांबते. म्हणूनच गर्भ नसल्याची खात्री होतांच जाणता डॉक्टर अशा मुलीला, ती काय जेवते, किती झोपते आणि वजन किती उतरलें, हें विचारतो. सोबत आलेल्या वडीलधाऱ्यांना मात्र हे प्रश्न अवांतर वाटतात.