हात बधिर झाला आणि दहा मिनिटांत बरा झाला? तरीही शटर ओढा



आज मार्जिन नाही, जीएसटी नाही. या विषयावर व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. माझं भांड्यांचं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. त्या आठवड्यात डबे, कढया, भेट द्यायचे सेट सगळं एकदम निघतं, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एका ताईंना सुट्टे परत देत होतो आणि नोटा हातातून सुटल्या. उचलायला गेलो तर उजव्या हाताची बोटं आपली नाहीतच असं वाटलं. दुखत काहीच नव्हतं. उजवा गालही तसाच, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर होतो ना, तसा. ताई म्हणाल्या, "दादा, बरं आहे ना?" मी म्हटलं, "हो हो, सकाळपासून उभा आहे ना." पोराला काउंटरवर उभं केलं, स्टुलावर बसलो, चहा घेतला. दहा-बारा मिनिटांत सगळं जागेवर. मी परत गल्ल्यावर! रात्री साडेदहाला शटर ओढलं.

बायकोला सांगितलं ते रविवारी रात्री, तेही बोलता बोलता. सोमवारी सकाळी ती मला जवळजवळ ओढतच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बीपी १७०/११०. मला पस्तिशीत बीपी असेल हे डोक्यातही नव्हतं, कारण कधी मोजलंच नव्हतं. डॉक्टर एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी एकच प्रश्न तीनदा विचारला, "शनिवारीच का नाही आलात?"

जे झालं त्याला टीआयए म्हणतात. मेंदूच्या एखाद्या भागाला जाणारं रक्त थोडा वेळ अडतं, बहुतेक वेळा गुठळीमुळे, आणि मग आपोआप सुरू होतं. लोक याला 'छोटा अटॅक' म्हणतात आणि त्या 'छोटा' शब्दानेच घात होतो. कारण यानंतर मोठा अटॅक, म्हणजे अर्धांगवायू, येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो, त्यातही पहिल्या ४८ तासांत. ते ४८ तास मी कुठे होतो? निम्मे गल्ल्यावर. माझा एमआरआय नॉर्मल आला तेव्हा मी खूश झालो, तर न्यूरोलॉजिस्ट म्हणाले की टीआयएमध्ये स्कॅनवर काही न दिसणं नवल नाही, काय झालं, किती वेळ राहिलं, ही हकिकतच महत्त्वाची. मग ईसीजी, मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, साखर, कोलेस्टेरॉल. आता बीपीची एक गोळी आणि गुठळी होऊ नये म्हणून एक.

तुम्ही म्हणाल, दहा मिनिटं थांबून बघू, गेलं तर गेलं. अडचण अशी की ते जाणार की राहणार, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही. आणि राहिलं तर घड्याळ सुरू झालेलं असतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यात दवाखान्यात पोचणं आलं, सीटी स्कॅन आला. हा स्कॅन आधी करावाच लागतो, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही, आणि रक्तस्रावात तेच इंजेक्शन जीवावर बेतू शकतं. म्हणूनच कुणी सांगितलं म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. मोठा अटॅक उपचाराविना राहिला तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आपण एका तासाच्या धंद्याचा हिशोब करतो, या तासाचाही करा.

माझ्या दुकानातल्या पोरांना मी आता तीन गोष्टी शिकवल्यात. समोरच्याला हसायला सांगायचं, तोंड एका बाजूला वाकडं होतंय का बघायचं. दोन्ही हात समोर धरायला सांगायचं, एक हात खाली येतोय का बघायचं. आणि एक साधं वाक्य बोलायला लावायचं. आमच्याकडे वाक्य ठरलंय, "साडेतीन लिटरचा कुकर दाखव." जीभ जड आली, शब्द भलतेच निघाले, तर लगेच १०८. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर पडला, तरी तेच. आणि घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची, बिलाच्या मागे लिहा हवं तर. झोपेतून उठतानाच त्रास असेल तर शेवटचं कधी ठीक होतं, ती वेळ सांगायची. पाणी, साखर, कांदा हुंगवणं काही नाही. गिळता येत नसेल तर पाणी श्वासनलिकेत जातं. स्वतः गाडी चालवत तर अजिबात जायचं नाही.

आता उगाच घाबरवत नाही. आपल्या धंद्यात हाताला मुंग्या रोजच्याच. काउंटरवर कोपर टेकवून तासन्‌तास मोबाईल बघितला की करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिरतं, तिथली नस दाबली जाते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून दिवसभर बसणाऱ्यांचा पाय का भरून येतो, हेही वेगळं सांगायला नको. (पाकिटात नोटा कमी आणि व्हिजिटिंग कार्डंच जास्त, ते वेगळं.) खूप टेन्शनमध्ये श्वास भराभर झाला की ओठांभोवती आणि दोन्ही हातांना मुंग्या येतात. हे जीवघेणं नाही, पण पुन्हा पुन्हा होत असेल तर दाखवा. दोन्ही तळपाय हळूहळू बधिर होत असतील, चप्पल निसटलेली कळत नसेल, तर साखर आणि बी१२ तपासा. पक्के शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर बी१२ कमी असण्याची शक्यता जास्त.

फरक कुठे करायचा? अचानक आणि एकाच बाजूला, ही जोडी दिसली की घरी विचार करत बसायचं नाही.

एक काम आजच करा. सप्लायर शोधताना चार ठिकाणी फोन करता ना, तसंच जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात चोवीस तास सीटी स्कॅन आहे आणि हे इंजेक्शन देतात, ते फोन करून विचारा. मी नाव आणि नंबर गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय. आणि बीपी मोजा, केमिस्टकडे मोजलं तरी चालेल.

माझी सकाळची गोळी दुकानात अगरबत्ती लावून झाली की असते. विसरलो तर पोरगं कुकरचं वाक्य म्हणायला लावतं.